फळी वर आली पाहिजे
(आकाशवाणीवरील भाषण)

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर शिडाची होडी घालण्याची इच्छा नाशिक परिसरातील अनेक तरुणांच्या मनात असते, आणि तिची चर्चा बहुधा शीड, डोलकाठी आणि वारा यांपाशीच थांबते. होडीच्या तळाखाली उभी असलेली फळी मात्र या चर्चेत येत नाही, आणि आलीच तरी ती पाण्यात कशी घालावी एवढेच विचारले जाते. ती भरल्या वाऱ्यात, बसल्या जागेवरून, एका हाताने वर कशी घ्यावी हा खरा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत भाषणाचा विषय तेवढाच आहे.

दोन अरुंद होड्या शेजारी ठेवून आडव्या दांड्यांनी जोडल्या की कॅटमरान होते, आणि तिच्या प्रत्येक अंगातील उभ्या खोबणीतून पाण्यात सरकवायच्या फळीला डॅगरबोर्ड म्हणतात. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारची वल्ह्याची होडी घेऊन उतरले, तिला अशी मोठी फळी लागत नाही, कारण वल्ह्याचा रेटा होडीला सरळ पुढे नेतो आणि दिशा धरण्यास तळाचे छोटे पाते पुरते. शिडावरचा वारा मात्र होडीला पुढे नेता नेता बाजूलाही ढकलतो. हे सरकणे फळी रोखते, म्हणून वाऱ्याविरुद्ध तिरपे चढताना ती खाली हवी आणि वारा पाठीशी असताना, ती नुसता अडथळा करते म्हणून, वर हवी. इक्वेडोर आणि पेरूच्या किनाऱ्यावरील जुन्या बाल्सा तराफ्यांवर अशा फळ्या वरखाली करूनच दिशा साधली जाई, आणि कॉन-टिकी या तराफ्यावरील आपल्या सफरीनंतर थॉर हेयरडाल यांनी 1953 मध्ये इक्वेडोरमध्ये प्रयोग करून हे तंत्र पुन्हा तपासले. फळी हलण्यासाठी असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. पावसाळा सरला की त्याच्या खांबांतील खाचांत फळ्या, म्हणजे काही भागांत ज्यांना बर्गे म्हणतात त्या, टाकल्या जातात आणि पुढच्या पावसाआधी काढल्या जातात. टाकण्याचे काम सोपे असते, कारण तेव्हा पाण्याचा दाब नसतो. काढताना मात्र साठलेले पाणी फळीला खाचेच्या कडेवर दाबून धरते, फटीत गाळ व पालापाचोळा बसलेला असतो, आणि ज्याने आकड्याची व्यवस्था आधी केली नाही त्याला ऐन वेळी पहार घेऊन झगडावे लागते. होडीच्या फळीचेही असेच आहे. बाजूचा रेटा तिला खोबणीच्या कडेवर दाबतो, म्हणून जिच्यावर भार कमी ती फळी आधी उचलावी, किंवा होडीचे नाक क्षणभर वाऱ्याकडे वळवून शीड सैल होताच उचलावी. बंधाऱ्यावर जसा आधी दाब उतरवावा आणि मग फळीला हात घालावा, तसाच क्रम येथेही आहे.

यासाठी प्रत्येक फळीला दोन दोऱ्या लागतात. उचलणारी दोरी फळीच्या खालच्या टोकाला बांधावी, तिच्या मागच्या कडेतील पन्हळीतून वर आणावी आणि खोबणीच्या तोंडाशी बसवलेल्या कप्पीवरून सुकाणूवाल्यापर्यंत न्यावी. ती माथ्याला बांधण्याचा मोह होतो, परंतु पूर्ण उचललेली फळी होडीच्या वर बरीच उंच उभी राहते, आणि माथ्यावरून ओढायचे तर त्याहून उंच आधार उभारावा लागेल. दुसरी, खाली ओढणारी दोरी माथ्याला बांधून खोबणीशेजारच्या कप्पीतून परत फिरवावी. लाकडी फळी पाण्यावर तरंगू पाहते आणि आपोआप वर येते, ही गोष्ट वारंवार विसरली जाते, म्हणून पुन्हा सांगणे आवश्यक आहे: वर ओढणारी एक आणि खाली ओढणारी एक, अशा दोन दोऱ्या हव्यात, आणि दोन्हींची टोके बसल्या जागी क्लीटमध्ये, म्हणजे दोर चिमटून धरणाऱ्या खिळीत, अडकवता यावीत. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि फळी धक्क्याधक्क्याने सरकते, म्हणून कमी ताणली जाणारी पॉलिएस्टरची दोरी वापरावी.

समुद्रावर ही व्यवस्था फळीला अडकणाऱ्या शेवाळासाठीही लागते. गोदावरीच्या खोऱ्यात ती पाणवेलीसाठी लागते. दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आलेली ही वनस्पती आडव्या धावत्या खोडांनी पसरते आणि तिची पिसांसारखी मुळे पाण्यात लोंबतात. असे खोड फळीच्या पुढच्या कडेवर आडवे बसले की त्याची दोन्ही टोके प्रवाहाने मागे दुमडतात आणि जितका वेग जास्त तितकी मिठी घट्ट होते. फळी वर घेतली की खोबणीच्या तळाची कड ती वेल खाली निपटून काढते आणि फळीचे टोक आत जाताच वेल सुटून मागे जाते. फट रुंद असेल तर मात्र तीच वेल खोबणीत ओढली जाऊन फळी जाम होते. म्हणून वेल दाट असल्यास होडी वाऱ्याकडे वळवून थांबवावी, सुकाणू घट्ट धरून तिला एक होडीभर मागे जाऊ द्यावे, आणि प्रवाह उलटा झाल्याने वेल सैल पडली की मगच फळी उचलावी. कॅटमरानला दोन फळ्या असल्याने एक वर असताना दुसरी होडीला धरून ठेवते. ही सोय असूनही दोन्ही फळ्या मोसमभर खाली ठोकून ठेवणे हा निव्वळ आळस आहे, आणि तो सोडला पाहिजे.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरते तेव्हा खडक पृष्ठभागाजवळ येतात, आणि डॅगरबोर्ड बिजागरीवरच्या फळीसारखा आपटताच मागे फिरत नाही. तो तुटतो किंवा खोबण फोडतो आणि होडीत पाणी शिरते. येथेही उपाय तोच, फळी वेळेत वर घेण्याचा. सुकाणूच्या पात्यावर बसणाऱ्या वेलींचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्याचे उत्तर मागे उचलता येणाऱ्या पात्यात आहे, परंतु त्याचा विस्तार उरलेल्या वेळात होणे शक्य नाही. एवढे मात्र प्रत्येक होडीवाल्याने करावे: होडी पाण्यात घालण्यापूर्वी ती काठावर आधारांवर उंच ठेवून सुकाणूजवळ बसावे आणि जागेवरून न उठता, एकाच हाताने, दोन्ही फळ्या पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून पाहाव्यात. फळी खाली जाते म्हणून समाधान मानू नये. ती वर येत नसेल तर त्या दिवशी होडी पाण्यात घालू नये.