अंधाराचा हिशेब

(व्याख्यानाचे शब्दांकन)



प्राणहिता नदीच्या काठी चिंचगुंडी नावाचे गाव आहे. १८५८ च्या एप्रिलमध्ये तेथे इंग्रजांच्या तारखात्याचा तळ पडला होता. २९ एप्रिल रोजी वीर बाबूराव शेडमाके यांच्या पक्षाच्या लोकांनी त्या तळावर हल्ला चढवला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे कर्मचारी त्यात मारले गेले. पुढे २१ ऑक्टोबरला बाबूरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सत्तावन्नच्या स्वातंत्र्यसमरातील हे पान विदर्भाबाहेर फारसे कुणी उलटून पाहात नाही. त्यात एक लहानशी गोष्ट दडलेली आहे. या अरण्यातून जाणारी ती तार अरण्यात राहणाऱ्यांसाठी नव्हती. ती साम्राज्याचे निरोप वाहून नेणार होती. गोंड-माडियांनी फक्त तिला वाट द्यायची होती.

स्वातंत्र्यानंतर दुसरी एक तार चंद्रपुरातून निघाली. ५०० किलोवोल्ट दाबाची, एकदिश प्रवाहाची, चंद्रपूर ते पडघे अशी ७५२ किलोमीटर लांबीची ही वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. दीड हजार मेगावॉट वीज वाहून नेण्याची तिची क्षमता. चंद्रपूरचा कोळसा ऊर्जानगरच्या भट्ट्यांत जळतो, इरई धरणाचे पाणी तेथे वाफ होते, राख चंद्रपूरच्याच आसमंतात उरते आणि वीज मुंबईच्या दाराशी पोहोचते. देश एक आहे. एका भागाचे धन दुसऱ्याच्या उपयोगी पडावे यात गैर काहीच नाही. मुंबईचे दिवे विझावेत असे या वनवासी मुलखात कुणी म्हणत नाही. परंतु ज्या जिल्ह्याच्या पोटातून १९८२ साली गडचिरोली जिल्हा जन्माला आला, त्या जिल्ह्याच्या कोळशावर कोकणापर्यंत प्रकाश पडतो आणि भामरागड-एटापल्लीच्या टोल्यांना मात्र अजून रात्रीची मोजदाद करावी लागते, हे विसंगत आहे.

‘तारेविना जगणे’ म्हणजे साधे, स्वस्त, निसर्गाच्या कुशीतले जगणे, अशी एक गोड समजूत शहरात अलीकडे फार रुजली आहे. कंदिलाच्या उजेडात जेवण्यासाठी पैसे मोजणारा पर्यटकही आता आढळतो. दोन रात्री कंदील मौजेचा वाटतो. हजार रात्री तोच कंदील लावणाऱ्याला विचारावे, तो स्वस्त पडतो काय?

हिशेब करून पाहू. एक साधी चिमणी रोज चार तास जळली, तर महिन्याला सव्वा ते दीड लिटर रॉकेल पिते. नऊ वॅटचा एलईडी दिवा तितकाच वेळ लावला, तर महिन्याला जेमतेम एक युनिट वीज लागते. आता उजेड पाहा. चिमणीचा प्रकाश त्या दिव्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. म्हणजे तारेचा स्थिर आकार वेगळा मोजला तरी उजेडाच्या मापाने या दोहोंची तुलनाच होत नाही. चिमणीचा धूर, घराचे काळवंडलेले वासे, पोराच्या डोळ्यांतून वाहणारे पाणी हे तर या हिशेबात धरलेलेच नाही. शिधावाटप दुकानातील निळे रॉकेल होते तोवर थोडा आधार होता. मार्च २०२० पासून त्यावरील केंद्राचे अनुदान शून्यावर आले. तो निर्णय देशाच्या तिजोरीच्या दृष्टीने योग्यच म्हणावा लागेल. पण ज्याच्या घरी रॉकेलच्या जागी काही आलेच नाही, त्याने काय करावे? त्याने टॉर्चचे सेल घेतले. आणि सेल ही तर जगातील सर्वांत महाग वीज! एका युनिटएवढी ऊर्जा टॉर्चच्या मोठ्या सेलमधून मिळवायची, तर दीडशेच्या आसपास सेल लागतील. शहरातील गृहस्थ ज्यासाठी काही रुपये देतो, त्यासाठी जंगलातील मजुराला काही हजार मोजावे लागतील. तो अर्थातच इतके मोजत नाही. तो अंधारात बसतो. अंधार स्वस्त दिसतो तो यामुळेच. जी वस्तू घेतलीच नाही तिचे बिल येत नाही.

उजेडापुरते हे झाले. धान उखळात कांडायचे, तर घरच्या बाईचा पहाटेचा वेळ जातो. गिरणीत न्यायचे, तर डोक्यावर ओझे घेऊन दुसऱ्या गावाची वाट धरावी लागते, डिझेलचा भाव दळणाईत मिसळलेला असतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. मोबाइलचेही तसेच. सरकारी योजनेचा पैसा थेट खात्यात येतो, ही चांगली सुधारणा आहे. पण त्यासाठी मोबाइल जिवंत हवा. मग आठवडी बाजाराच्या गावी एखाद्या दुकानात तो चार्जिंगला लावायचा, तितका वेळ दुकानाच्या ओट्यावर बसून राहायचे आणि दुकानदाराच्या हातावर पैसे ठेवायचे. पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत चार महिन्यांचे धान्य आगाऊ पोहोचवण्याची व्यवस्था शासन वर्षानुवर्षे करीत आले आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे ही दूरदृष्टी. मात्र चार महिन्यांचा उजेड आगाऊ पोहोचवण्याचा विचार त्यात कुठेही नाही.

सर्वांत जड किंमत रात्री मोजली जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी घरातील माणसे पहाटेच्या अंधारातच झाडाखाली पोहोचतात. उशीर झाला तर फुले गुराढोरांची आणि अस्वलांची. चंद्रपूरच्या जंगलात याच वेळी वाघाची गाठ पडते. हाती चांगला टॉर्च असणे आणि नसणे यांत तेथे जिवाचा फरक असतो. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, तेव्हा वेदना इतकी कमी असते की काय चावले हे पुष्कळदा कळतही नाही. चिमणीच्या उजेडात दात उमटलेले दिसत नाहीत. पहाटे पापण्या जड होऊ लागल्या, बोलणे अडखळू लागले, की मग धावपळ सुरू होते. तोवर हाताशी असलेले तास निघून गेलेले असतात. रात्री अडलेल्या बाळंतिणीला खाटेच्या कावडीत घालून नाला ओलांडायचा, तर उजाडण्याची वाट पाहावी लागते. लस दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात ठेवावी लागते. वीज नसलेल्या उपकेंद्रात ती साठवता येत नाही, ती दर वेळी डब्यात बर्फ घालून आणावी लागते.

डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे स्थायिक झाले. सुरुवातीची बरीच वर्षे तेथील रुग्णसेवा कंदिलाच्या उजेडातच चालली. विचारसरणी कुणाची कोणतीही असो, या तपश्चर्येपुढे मान लवते. परंतु तपस्वी माणसाने स्वेच्छेने पत्करलेला अंधार आणि माडिया कुटुंबाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलेला अंधार यांची गल्लत करू नये.

मग तार का पोहोचली नाही? नक्षलवाद हे एक खरे उत्तर आहे. रस्ता झाला की खांब येतो, आणि रस्त्याशीच त्यांचे वैर. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ दादापूर येथे रस्तेकामावरील वाहने जाळण्यात आली आणि त्याच दिवशी जांभूळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक बळी गेले. ज्याच्या नावाने बंदूक उचलली, त्याच वनवासी बांधवाला अंधारात ठेवणारी ही ‘क्रांती’! १ जानेवारी २०२५ रोजी गर्देवाडा-वांगेतुरी भागात एस.टी. धावली, त्यामागे सुरक्षा दलांचे मोठे बलिदान आहे.

पण सारा दोष नक्षलवाद्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. गावातील दहा टक्के घरांत आणि सार्वजनिक ठिकाणी वीज आली की गाव ‘विद्युतीकृत’ मानायचे, ही व्याख्या दिल्लीत बसून केलेली होती. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील शेवटचे गाव उजळल्याची घोषणा झाली, ती याच व्याख्येनुसार. सौभाग्य योजनेने त्याआधीच, सप्टेंबर २०१७ पासून, घराघराचा विचार सुरू केला होता हे खरे. तरी तार आलेल्या गावांतही पावसाळ्यात सागाची फांदी पडली की अनेक दिवस पुरवठा बंद राहतो. अशा घरी बिलही येते आणि सेलही घ्यावे लागतात. वनखात्याच्या परवानगीची सबबही नेहमी पुढे केली जाते. वस्तुतः २००६ च्या वनहक्क कायद्याने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी पंचाहत्तरपर्यंत झाडे या मर्यादेत, ग्रामसभेच्या शिफारशीने वीजवाहिनीसाठी देण्याची तरतूद केलेली आहे. तिचा वापर करण्याची इच्छा हवी.

जेथे तार जाणे कठीण, तेथे सौरदिवा. सौभाग्य योजनेत अशा घरांसाठी दोनशे ते तीनशे वॅटचा संच, पाच दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल असे ठरले होते. अडचण सहाव्या वर्षी सुरू होते. बॅटरी साधारण याच सुमारास दमते, आणि नव्या बॅटरीची किंमत तेंदूपत्त्याच्या हंगामातील मोठी कमाई गिळते. मग पत्रा छपरावर चमकत राहतो आणि खाली पुन्हा चिमणी लागते. गडचिरोलीतील सौर दुहेरी पंप मात्र पुष्कळ ठिकाणी टिकले. त्याचे कारण साधे आहे. त्यांत बॅटरीच नाही. ऊन आहे तोवर पाणी टाकीत चढते.

पं. दीनदयाळजींनी अंत्योदयाचा विचार मांडला तो शेवटच्या माणसासाठी. या शेवटच्या माणसाच्या ग्रामसभेकडे आज काही साधने आहेत. मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळवला. पेसा कायद्यामुळे अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. त्या उत्पन्नातून दरवर्षी थोडी रक्कम बॅटरीसाठी बाजूला काढता येईल. गावातीलच एका तरुणाला जोडण्या तपासणे, बॅटरीत पाणी भरणे, वितळतार बदलणे शिकवता येईल. सेवाकार्य करणाऱ्या संस्थांनी नवे दिवे वाटण्याआधी हे शिक्षण द्यावे. दिवे वाटतानाचे छायाचित्र चांगले येते, बॅटरीत पाणी भरतानाचे येत नाही, एवढीच काय ती अडचण. तेंदूपत्त्याची फळी मे महिन्यात उठते आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो. गावात पैसा असतो आणि वाट मोकळी असते ती याच मधल्या दोन-तीन आठवड्यांत. बॅटऱ्या बदलण्याचे काम तेव्हाच उरकले पाहिजे. एकदा पर्लकोटा भरली की दिवाळीपर्यंत कुणी येत नाही.