ॲपची रसद कोण पुरवतो?

पानिपतहून बोलतोय.

आजचा विषय छोटा आहे, पण तो आपल्या खिशाशी आणि घराच्या सुरक्षिततेशी थेट जोडलेला आहे. मोबाइलमधल्या ॲपसाठी पैसे मोजावेत की नाही?

माझ्या वयाच्या मंडळींकडून याची दोन उत्तरं ऐकू येतात. एक, "फुकट मिळतंय तर पैसे कशाला द्यायचे?" दुसरं, "महिन्याला दीडशे रुपयेच तर आहेत, भरून टाका, जाहिरातींची कटकट तरी संपेल." माझं म्हणणं असं की, दोन्ही उत्तरं देणाऱ्यांनी एक प्रश्न विचारायचा राहून गेलाय. तो म्हणजे, या ॲपची रसद येते कुठून?

रसद हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दर वर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून शेकडो लोक इथे काला आंबच्या स्मारकाला येतात. बोलणं बहुतेक तलवारींचं, भाल्यांचं आणि शौर्याचं होतं. ते व्हायलाच हवं. पण फौजेत आयुष्य काढलेला माणूस या मैदानाकडे पाहतो, तेव्हा त्याला आधी धान्य आठवतं. अंतर्वेदीतून रसद पाठवायची आणि अब्दालीची रसद तोडायची, ही गोविंदपंत बुंदेल्यांची जबाबदारी होती. डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले. दिल्लीची वाट अब्दालीने आधीच अडवली होती. जानेवारी उजाडेपर्यंत छावणीत माणसं आणि जनावरं उपाशी होती. रसद तुटलेल्या फौजेला लढाई कधी करायची हेसुद्धा स्वतःच्या मनाने ठरवता येत नाही.

ॲपलाही रसद लागते. सर्व्हरचं भाडं, प्रोग्रामरचे पगार, सुरक्षेतली भोकं बुजवण्याचं काम, हे सगळं दर महिन्याला खर्चाचं आहे. तो खर्च कोणीतरी करतोच. आणि जो रसद पुरवतो, शेवटी हुकूम त्याचाच चालतो.

रसद पुरवणारे ढोबळमानाने पाच. तुम्ही स्वतः, जाहिरातदार, सरकार, देणगीदार आणि गुंतवणूकदार. यातला गुंतवणूकदार हा काही वर्षांचाच पाहुणा. आज तो तुम्हाला फुकट जेवायला घालतो, कारण उद्या त्याला तुमच्याकडून किंवा जाहिरातदाराकडून वसुली करायची असते.

व्हॉट्सॲपचंच बघा. २००९ मध्ये निघालेलं हे ॲप पूर्वी वर्षाला एक डॉलरच्या आत, म्हणजे अगदी नाममात्र वर्गणी मागायचं आणि जाहिरात दाखवायची नाही असं त्यांचं धोरण होतं. २०१४ मध्ये फेसबुकने ते सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेतलं. जानेवारी २०१६ मध्ये वर्गणी रद्द झाली. आपण सगळे खूश झालो. पण एवढे अब्ज डॉलर घालणारा माणूस धर्मशाळा चालवायला आलेला नसतो. जानेवारी २०२१ मध्ये गोपनीयतेच्या नव्या अटी आल्या, तेव्हा देशभर गडबड उडाली आणि कित्येक लोक सिग्नलकडे वळले. सिग्नल देणग्यांवर चालतं. तिथे हुकूम वेगळ्या माणसाचा आहे, म्हणून वागणूकही वेगळी आहे.

दुसरं उदाहरण गूगल फोटोजचं. पाच-सहा वर्षं ठरावीक दर्जाचे अमर्याद फोटो फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत, त्यापुढे पैसे. नातवंडांचे हजारो फोटो तिथे जमल्यावर बिल समोर आलं. यात बेकायदेशीर काही नाही, पण हा क्रम ओळखून ठेवा. आधी सवय लागते, मग किंमत येते.

आता ज्या उदाहरणासाठी मी हे व्याख्यान ठेवलं, तिकडे येतो. कॅमस्कॅनर. कागदाचा फोटो काढून त्याची पीडीएफ करणारं ॲप. आपल्यातल्या अनेकांनी पेन्शनचे कागद, आधार कार्ड, जमिनीचे उतारे यातूनच पाठवले असतील. दहा कोटींहून जास्त वेळा ते डाउनलोड झालं होतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्याच्या अँड्रॉइडवरच्या मोफत आवृत्तीत घातक कोड सापडला. तो आला होता जाहिराती दाखवणाऱ्या बाहेरच्या एका घटकातून. गूगलने ते ॲप प्ले स्टोअरवरून काढलं आणि कंपनीने दुरुस्त केल्यावर परत घेतलं. पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत मात्र जाहिरातींचा तो घटकच नव्हता, त्यामुळे तिला बाधा झाली नाही. ज्यांनी पैसे दिले होते ते त्या वेळी वाचले.

इथे थांबलो तर उत्तर सोपं होतं, पैसे द्या आणि सुरक्षित राहा. पण गोष्ट पुढे आहे. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान धारातीर्थी पडले. २९ जूनला सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकचं नाव सगळ्यांना आठवतं, पण त्याच यादीत कॅमस्कॅनरही होतं. या वेळी फुकट वापरणारा आणि वर्षाचे पैसे भरलेला, दोघांनाही एकच नियम लागला. देशाने हरकत घेतली होती ती मालक कोण आणि माहिती कुठे जाते यावर. पैसे भरल्याने जाहिरातदार दूर झाला होता, मालक तोच राहिला होता.

त्याच जुलैमध्ये लष्कराने आपल्या अधिकाऱ्यांना आणि जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितलं. १५ जुलैपर्यंतची मुदत होती. त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्रूकॉलर, पबजी अशी नावं होती. यातली कितीतरी चिनी नव्हती. यादी करताना ॲप फुकट की विकत हे कोणी पाहिलं नाही. माहिती बाहेर जाते का, एवढंच पाहिलं.

तिसरी गोष्ट स्ट्राव्हाची. धावणाऱ्यांचं आणि सायकल चालवणाऱ्यांचं हे ॲप. त्याची पैसे भरायची योजनाही आहे. त्यांनी जगभरच्या वापरकर्त्यांच्या वाटा एका नकाशावर उजळवून दाखवल्या. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की, वाळवंटात जिथे काहीच नसायला हवं तिथे लख्ख रेषा दिसताहेत. ते लष्करी तळांवर सकाळी धावणारे सैनिक होते. तळ कुठे आहे, आतले रस्ते कसे आहेत, सगळं नकाशावर. इथे सुरक्षा पैशात नव्हती, फोनमधल्या एका सेटिंगमध्ये होती. ज्यांची मुलं-सुना आज गणवेशात आहेत, त्यांनी घरातल्या प्रत्येक फोनचं लोकेशन कोणाकोणाला दिलंय हे एकदा बघाच. हे काम फुकटात होतं.

मग पैसे द्यायचे कुठे? मी तीन प्रश्नांची कसोटी लावतो.

पहिला, हे ॲप उद्या सकाळी बंद पडलं तर माझं काय अडेल? दुकानाचा हिशेब, कुटुंबाचे फोटो, पासवर्डांची तिजोरी. उत्तर भारतात गावोगावी आपल्या सांगलीकडचे गलाई व्यावसायिक आहेत. त्यांचा वर्षाचा हिशेब फोनमध्ये असेल, तर तिथे चांगल्या ॲपचे पैसे द्यावेत. पैसे दिले की तक्रार करायचा हक्क येतो आणि त्या कंपनीला तुम्हाला सांभाळण्यात रस राहतो. पण हिशेब बाहेर काढून दुसरीकडे नेता येतो का, हे आधी तपासा. नेता येत नसेल तर तो किल्ला नाही, कोंडवाडा आहे.

दुसरा, रसद दुसरं कोणी प्रामाणिकपणे पुरवतंय का? डिजिलॉकर, जीवन प्रमाण, ही सरकारी ॲप. त्यांचा खर्च आपल्या करातून होतो, म्हणजे पैसे आपण दिलेलेच आहेत. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला घरबसल्या चेहरा दाखवून देता येतो. त्या ॲपसाठी कोणी पैसे मागत असेल तर तो माणूस किंवा ते ॲप खोटं आहे असं समजा. व्हिडिओ बघायला व्हीएलसी आहे, तेही स्वयंसेवक आणि देणगीवर चालतं. अशा ठिकाणी पैसे भरणं सक्तीचं नाही, पण ऐपत असेल तर वर्षातून शंभर-दोनशेची देणगी जरूर द्या.

तिसरा, पैसे दिल्यावर नेमकं काय बदलतं? नुसत्या जाहिराती जाणार, की माहिती गोळा करणंही थांबणार? प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपखाली डेटा सेफ्टीचा भाग असतो. कंपनीने स्वतःच भरलेली माहिती असते ती, तरी वाचा. टॉर्चच्या ॲपला तुमच्या संपर्कयादीची गरज का पडावी? असल्या ॲपला पैसेही देऊ नका आणि फोनमध्ये जागाही देऊ नका.

आता खिशाकडे. दरमहा १४९ म्हणजे वर्षाला १७८८ रुपये. अशी पाच ॲप झाली तर ८९४० रुपये. पेन्शनीतून ही रक्कम गेली की जाणवते. पण ती एकदम जात नाही, थेंबाथेंबाने जाते, म्हणून कळत नाही. सात दिवस मोफत म्हणून सुरू होतं, आठव्या दिवशी पैसे कापले जातात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फोनवरून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी रद्द होत नाही. ती वेगळी रद्द करावी लागते. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या चित्रावर बोट ठेवा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जा. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर, मग सबस्क्रिप्शन्स. शिवाय आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, तीही बघा. नको असलेलं मँडेट तिथूनच रद्द करता येतं.

नियम आपल्या बाजूने आहेत, फक्त वापरायला हवेत. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांवर अटी घातल्या. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तो एसएमएस न वाचता पुसू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात वर्गणीचा सापळाही आहे, म्हणजे आत शिरायला एक बटण आणि बाहेर पडायला दहा दरवाजे. असं आढळलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. प्ले स्टोअरवरून घेतलेलं ॲप पसंत पडलं नाही तर ४८ तासांच्या आत तिथूनच परतावा मागता येतो.

माझा शिरस्ता असा आहे. शक्य तिथे एकरकमी खरेदी, ते नसेल तर वर्षाची वर्गणी, आणि ती भरताच त्याच दिवशी ऑटोपे बंद. वर्ष संपलं की ॲपने माझ्याकडे परत यावं आणि पुन्हा मागावं. मी विचार करून देईन. सैन्यात दारूगोळ्याची मागणी दर वेळी नव्याने सही होऊन जाते, तसंच हे.

कोणी म्हणेल, साहेब, ज्याला परवडतं त्याचं ठीक आहे. ज्याच्याकडे दहा हजारांचा फोन आहे, त्याने जाहिरातदाराच्या रसदीवरच राहायचं का? तर नाही. लोकेशन बंद ठेवणं, अनावश्यक परवानग्या काढणं, न वापरलेली ॲप पुसणं, सरकारी आणि देणगीवरची ॲप निवडणं, यातल्या कशालाही रुपया लागत नाही. निम्म्याहून अधिक संरक्षण यातच आहे. पैशांनी उरलेल्यातलं थोडं विकत मिळतं.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. फोनमधली ॲप एकेक करून बघा आणि प्रत्येकासमोर लिहा, याची रसद कोण पुरवतो. ज्याच्यासमोर उत्तर लिहिता येणार नाही, ते काढून टाका. ज्याच्यासमोर तुमचं नाव येईल, ते पैसे सार्थकी लागताहेत का ते पाहा. घरातल्या लहानांना बरोबर घेऊन बसा. बटणं ती दाखवतील, प्रश्न तुम्ही विचारा.

पुढच्या भागात फोन हरवला तर पहिल्या तासात काय काय करायचं, ते बघू. तोवर रजा घेतो. जय हिंद.