पायाचा जुना व्रण आणि गोड गोळ्या

मुरबाड तालुक्यांतील धसईच्या परिसरांत पाऊस स्थिरावला, कीं भातलावणीची घाई सुरू होते. चिखलांत वांकून दिवस काढणाऱ्या वयस्क स्त्रियांपैकीं एखादीच्या आंतल्या घोट्याच्या वर चिंधी बांधलेली असते. चिंधीखालीं वर्षानुवर्षें वाहणारी जखम असते. ‘जुनेंच दुखणें आहे’ म्हणून ती पुन्हां चिखलांत उतरते, आणि संध्याकाळीं होमिओपॅथीच्या चार गोळ्या जिभेवर ठेवते. या गोळ्यांनीं तो व्रण भरतो काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे.

पायांतील रक्ताला हृदयाकडे परततांना चढ चढावा लागतो. पोटरीचे स्नायू तें वर ढकलतात आणि नीलांतील झडपा तें मागें घसरूं देत नाहींत. विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्ताभिसरण सिद्ध करतांना याच झडपांचा आधार घेतला होता. वरच्या खाचराचा बांध फुटला, कीं खालच्या खाचरांत पाणी तुंबतें. त्याचप्रमाणें झडपा निकामी झाल्या, कीं घोट्याशीं रक्त तुंबतें. पाय सुजतो, कातडी काळवंडते आणि लहानशा खरचटण्याचा व्रण होतो.

सॅम्युएल हानेमान या जर्मन वैद्यानें १७९६ सालीं आपली उपचारपद्धति प्रथम मांडली. तिच्या ‘तीस’ शक्तीच्या औषधांत मूळ द्रव्य शंभरांत एक या प्रमाणानें तीस वेळां विरळ केलेलें असतें. बाराव्या वेळेच्या सुमारासच त्याचा एक रेणूहि उरण्याचा संभव जवळजवळ संपतो. ऑस्ट्रेलियांतील राष्ट्रीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०१५ सालीं उपलब्ध प्रयोग तपासले. होमिओपॅथी कोणत्याहि रोगावर गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा तिला आढळला नाहीं. होमिओपॅथ रोग्याचें गाऱ्हाणें शांतपणें ऐकतो, हा त्याचा गुण खरा. परंतु तुंबलेलें रक्त ऐकण्यानें वर चढत नाहीं.

तें चढवितो दाब. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत नीट ताण देऊन बांधलेल्या पट्ट्यांनीं असे व्रण लवकर भरतात, हें अनेक तौलनिक प्रयोगांनीं ठरलें आहे. जोडीला जखमेची स्वच्छता, चालणें, आणि विसाव्याच्या वेळीं पाय हृदयाहून उंच ठेवणें. मात्र पट्टी घरच्या घरीं आवळूं नये. पायांत शुद्ध रक्त पुरेसें पोंचतें कीं नाहीं, हें डॉक्टरानें आधीं पाहिलें पाहिजे. नाहीं तर दाबानेंच पाय धोक्यांत येतो. मधुमेह व कुष्ठरोग यांचीहि शंका फेडून घ्यावी. व्रण भरल्यावर दाबाचे मोजे वापरावे लागतात, कारण तो पुन्हां उघडतो.

गोळ्यांवर श्रद्धा असेल, तर त्या खुशाल घ्याव्या. पण त्यांच्या भरंवशावर पट्टी टाळूं नये. घरच्या माणसांनीं एवढें केलें, तरी पुरे: लावणी आटोपण्याची वाट न पाहतां त्या माउलीला दवाखान्यांत न्यावें. खाचराचा बांध फुटला, तर शेतकरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीं.