जबाबदारीचे बाळकडू

तरुणांचा विषय निघाला की आम्हां वडीलधाऱ्यांची जीभ त्यांच्या उणिवांचा पाढा वाचण्यातच रमते. त्यांनी काय करू नये याचे हुकूम रोज सुटतात, आणि त्यांच्या अंगी जे बळ आहे त्यास वाव कोठे द्यावा, हा प्रश्न मात्र दप्तरात तसाच पडून राहतो.

भाऊराव पाटलांनी हा प्रश्न साताऱ्यात प्रत्यक्ष हाताळला. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत, हे सर्वश्रुतच आहे. पण त्या पंक्तीतील अन्नामागे मुलांचेच हात असत, याकडे आपले लक्ष कमी जाते. पीठ पुरेसे मळले नाही की भाकरी थापताना कडेने चिरते, आणि ती चिरलेली भाकरी आपल्याच सोबत्याच्या ताटात पडते. एवढा धडा मिळालेल्या मुलास कर्तव्यबुद्धीवर निराळे व्याख्यान कशास हवे?

यावर कोणी म्हणेल की, ही तर गरिबीने लादलेली वेठ. शंका रास्त आहे, कारण नुसत्या कष्टाने माणूस घडत असता तर आपल्याकडील प्रत्येक सालगड्याचा पोर कर्तबगार निघाला असता! वेठीत विश्वास नसतो आणि मायाही नसते. साताऱ्यास ती होती: कोठीत दाणा उरला नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांच्या पोटासाठी मोडले. ज्याच्यासाठी कोणी एवढे करते, त्या मुलास आपल्या जिवाचे मोल आपोआप उमगते.

आपल्या घरी बोर्डिंग काढण्याची गरज नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती महिन्याच्या वाणसामानाचा कारभार खुशाल सोपवावा. यादी त्यांनीच करावी, भाव त्यांनीच विचारावा, जमाखर्चही त्यांनीच लिहावा. पहिल्या महिन्यात तूरडाळ कमी पडेल आणि साखर उरेल. त्या महिन्यात घरच्यांनी पातळ वरण मुकाट्याने खावे, आणि किल्ल्या परत मागू नयेत.