विमानातील शिस्त व आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजणी आता विमानाने प्रवास करतात. कुणाची लेक दिल्लीस असते, कुणाचा मुलगा परदेशी. तेव्हा हा विषय केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही. म्हणून मला आलेला एक साधाच अनुभव आज आपल्यापुढे मांडावा, असे मी ठरविले.

मागे मी पुण्याहून दिल्लीस निघाले होते. माझ्या पुढच्याच ओळीला संकटकाळचे दार होते. तेथे बसलेल्या एका बड्या गृहस्थांनी आपली बॅग पायाशी ठेवली होती. सेविकेने ती वर ठेवण्याची विनंती केली. 'ठेवतो, ठेवतो' म्हणत ते फोनवर बोलतच राहिले, आणि ती हसून पुढे गेली. माझ्या शेजारी नऊवारी नेसलेल्या एक आजीबाई होत्या. लेकीसाठी केलेल्या लाडवांचा डबा त्यांनी मांडीवर धरला होता. तो मात्र त्याच सेविकेने चार शब्द सुनावून काढून घेतला. आजीबाई ओशाळून गेल्या. विमान उडाले तेव्हा डबा वर होता, आणि बॅग दाराच्या वाटेतच होती!

मला राग आला. पण खरे सांगायचे तर मी तोंडातून शब्द काढला नाही. 'आपल्याला काय करायचे?' म्हणून गप्प बसले. घरी आल्यावर कंपनीला पत्र लिहिले, तर उत्तरादाखल दिलगिरीच्या दोन ओळी आल्या. तेव्हा हे नियम असतात तरी कशासाठी, ते मी वाचून काढले.

मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यापूर्वी, भरलेले विमान निम्म्याच दारांनी 90 सेकंदांत रिकामे होऊ शकते, हे सिद्ध करावे लागते. अशा वेळी वाटेतली एक बॅग किती जणांना अडवील, याचा विचार करा. उतरताना खिडकीची झापडे उघडी ठेवायला सांगतात, ती बाहेर आग आहे की काय, हे दिसावे म्हणून. प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतःला लावा, असे सांगतात. आईच्या जिवाला हे पटत नाही. परंतु सुमारे 35,000 फुटांवर हवेचा दाब गेला, तर अर्ध्या-एक मिनिटात माणसाचे भान हरपू लागते. आईच बेशुद्ध पडली, तर मुलाला मुखवटा कोण लावणार?

2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरत असलेले जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटले. त्या लहान विमानातील पाचजण दगावले. प्रवासी विमानातील सर्व 379 माणसे मात्र जिवंत बाहेर आली. ध्वनिक्षेपक बंद पडला होता, आठांपैकी तीनच दारे वापरता आली. तरी सेवकवर्गाने ओरडून व कर्ण्यातून सूचना दिल्या आणि लोकांनी त्या पाळल्या.

आपण या मुलींना 'हवाई सुंदरी' म्हणतो. मला वाटते, चुकीची सुरुवात येथेच होते. हसणे आणि चहा देणे हेच त्यांचे काम, असे आपण धरून चालतो. मग बड्या प्रवाशाला ठणकावण्याची त्यांना भीती वाटते, आणि तो धाक गरीब आजीबाईंवर निघतो. वास्तविक त्यांचे पहिले काम आपला जीव वाचविण्याचे आहे. 1986 साली कराचीस अपहरण झालेल्या विमानात प्रवाशांना वाचविताना नीरजा भनोतने प्राण दिले. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, ते चहा दिल्याबद्दल नव्हे.

म्हणून कंपन्यांना माझे सांगणे असे, की नियम गोड शब्दांत सांगा, पण सर्वांना सारखाच लावा. आणि तो लावणाऱ्या मुलीच्या पाठीशी उभे राहा. भगिनींना विनंती अशी, की सूचना चालू असताना गप्पा थांबवा, सांगितलेले ऐका, आणि कुणाची बॅग वाटेत दिसली तर सेविकेला नम्रपणे सांगा. मी त्या दिवशी गप्प बसले, ते चुकले. त्या दिवशी काही घडले नाही, हे आमचे नशीब. पण नशिबावर विसंबून प्रवास करू नये.