डॉ. प्रफुल्लकुमार सेन : एका हृदयशल्यविशारदाची वाटचाल



या व्यासपीठावरून संत, कवी, नाटककार यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज मी एका शल्यविशारदाची गोष्ट सांगणार आहे, आणि तीही वरवर पाहता अपयशाची.

३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाऊनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका मृत तरुणीचे हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवले. तो रुग्ण अठरा दिवस जगला. पुढे सुमारे अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. भारतातले हे पहिले हृदयारोपण. रुग्ण काही तासांतच दगावला.

आपण म्हणाल, जगाच्या मागे धावण्याची ही घाई. तसे नव्हते. सेन आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या त्या रुग्णालयात कित्येक वर्षे कुत्र्यांवर प्रयोग करून हात बसवत होते. हातात कसब होते. काळ तयार नव्हता. शरीर नव्या हृदयाला परके मानते आणि त्याच्यावर तुटून पडते. ही प्रतिकारशक्ती दाबावी, तर साधा जंतुसंसर्ग जीव घेतो. १९६८ साली जगभर शंभराच्या आसपास हृदये बदलली गेली, पण बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. एकेक करून शल्यविशारद थांबले. स्टॅनफर्डचे डॉ. नॉर्मन शमवे मात्र चिकाटीने काम करत राहिले. पुढे सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि चित्र पालटले.

आपल्याकडे आणखी एक अडचण होती. मेंदू कायमचा थांबला, पण हृदय चालू आहे, अशा माणसाला मृत मानणारा कायदाच नव्हता. तो १९९४ मध्ये झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी हृदयारोपण केले. सेनांच्या प्रयत्नानंतर सव्वीस वर्षांनी! ते पाहायला सेन नव्हते. १९८२ मध्येच ते गेले होते.

मग त्यांची कारकीर्द वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. पाया घालणाऱ्याला कळस दिसतोच असे नाही.

आज औषध आहे, कायदा आहे, कुशल हातही आहेत. काढलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते. तेवढ्या वेळात सारी धावपळ होऊ शकते. अडते ते त्याआधी, अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या नातलगांपाशी. छाती वरखाली होताना दिसते, आणि डॉक्टर सांगतात की माणूस गेला. त्या घटकेला पहिल्यांदाच हा विचार करायचा, हे कोणालाही जड जाईल.

परमुलखात रुजणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून एवढीच विनंती : आज घरी गेल्यावर, पानावर बसताना, आपली इच्छा घरच्यांना सांगून ठेवा. कारण शेवटचा शब्द बहुधा त्यांचाच असतो.