अक्षर येत नसलं तरी पुस्तक वाचता येतं

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत गावोगावच्या माता गटांसमोर केलेलं बोलणं)



बचत, कर्ज, हप्ता यावर आपण दर महिन्याला बोलतो. आज लेकरांच्या पुस्तकावर बोलू. २०२२ पासून 'पहिले पाऊल' अभियानात पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी गावोगाव मेळावे होतात, माता गट बनतात. गटात नाव घालायची वेळ आली की आपल्यातल्या कितीतरी जणी मागं सरकतात. "मला नुसती सही येते, मी काय शिकवणार?" असं म्हणतात. पण लहान लेकराच्या पुस्तकात आधी चित्र असतं, आणि चित्र वाचायला अक्षर लागत नाही. माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' हे पुस्तक तर त्याच कामाचं आहे. चित्र बघायचं आणि त्यावर बोलायचं.

विकत पुस्तक नसलं तरी अडत नाही. ड्रॉइंगचे दोन मोठे कागद घ्या, मधोमध दुमडा, घडीवर सुईदोऱ्यानं टाके घाला. आठ पानांचं पुस्तक झालं. वर नाव, मागं कोरं पान आणि आत सहा चित्रं. विषय आपल्या घरातलाच घेऊ, 'भाकरीची गोष्ट'. ज्वारीची पेरणी, कणसाला आलेलं रान, खळं, गिरणी, परातीत भाकर थापणारी आई आणि शेवटी जेवायला बसलेलं घर. चित्र देखणं नसलं तरी चालेल, ओळखू आलं म्हणजे झालं.

आता हे पुस्तक घेऊन काय काय करायचं ते बघा.

वाचण्याआधी: लेकरांना गोल बसवा आणि पुस्तक सगळ्यांना दिसेल असं धरा. वरचं चित्र दाखवून विचारा, "आत काय असंल?" जे सांगतील ते ऐकून घ्या. चूक-बरोबर करू नका.

वाचताना: बोट ठेवून सावकाश पान उलटा. "हे काय आहे?" एवढ्यावर थांबू नका. "ही बाई काय करायलीय?", "आता पुढं काय होईल?", "तुझ्या घरी भाकरी कोण करतं?" असं विचारा. प्रश्न विचारला की मनातल्या मनात पाच आकडे मोजा. लेकराला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतोच. आपण घाई करून उत्तर सांगून टाकलं की ते पुढं बोलत नाही.

वाचून झाल्यावर: तीच सहा चित्रं खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढा, मिसळा आणि ओळीनं लावायला सांगा. कुणी गिरणी आधी आणि खळं नंतर ठेवलं, तर हात धरून बदलू नका. "दाणे कुठून आणले रे?" एवढंच विचारा, ते स्वतःच बदलेल. मग नाटक करा. एकानं पेरायचं, एकानं दळायचं, सगळ्यांनी थप थप भाकरी थापायची. माणसं चार आणि भाकरी तीन, मग किती कमी पडल्या? हे गणितच झालं.

शेवटी खडूनं फरशीवर नाहीतर काडीनं मातीत चित्र काढू द्या. लेकरू चित्राबद्दल जे बोलेल ते अंगणवाडीताईनं किंवा लिहिता येणाऱ्या मुलीनं त्याच्यादेखत खाली लिहावं आणि वाचून दाखवावं. आपलं बोलणं कागदावर उतरतं, हे त्याला तिथं कळतं. तीन-चार वर्षांच्या लेकराला अक्षर गिरवायला बसवू नका, त्याची बोटं अजून तयार नसतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या भागात घरोघरची बोली वेगळी. तांड्यावरचं लेकरू भाकरीला 'बाटी' म्हणेल, देगलूरकडं तेलुगू घरातलं 'रोट्टे' म्हणेल. त्याला हसू नका, "असं नाही, असं म्हण" असंही म्हणू नका. त्याचा शब्द सगळ्यांकडून म्हणून घ्या, मग मराठी शब्द जोडा. पहिल्या दिवशी ज्याच्या शब्दाला हसलं जातं ते लेकरू वर्गात गप्प होतं, आणि गप्प लेकराला काय कळलं नाही हे कुणाला कळत नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची लेकरं तर कित्येक महिने अंगणवाडीपासून तुटतात. त्यांच्या गाठोड्यात एक पुस्तक जाऊ द्या. कोपीवर रोज शक्य नसलं तरी आठवड्यातून दोनदा आईनं नाहीतर मोठ्या बहिणीनं ते उघडलं, तर परत आल्यावर लेकरू अगदीच मागं पडणार नाही.

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढं कोसबाडला आदिवासी मुलांत काम केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पानं, खडे, शिंपले हेच त्यांचं साहित्य होतं. महाग वस्तूंवाचून त्यांचं अडलं नाही.

तर पुढच्या सभेपर्यंत एवढं करा. प्रत्येक ग्रामसंघानं दोन पुस्तकं शिवून एका पिशवीत ठेवायची. कुणी नेलं, कधी आणलं याची नोंद बचतीच्या वहीसारखी ठेवायची. आठवड्यात एक दिवस ठरवून अंगणवाडीताईसोबत अर्धा तास बसायचं. ज्यांच्याकडं स्मार्टफोन आहे त्यांनी स्टोरीवीव्हरवरची मराठी चित्रपुस्तकं बघावीत, ती फुकट वाचता येतात. आणि सभेला येताना आपापल्या गावची पिशवी सोबत आणा. कोणत्या पानावर लेकरं जास्त बोलली, ते एकमेकींना सांगू.